लाइन खराब आहे, पत्र लिही

४ जून

मावशी,

नमस्कार तुझ्या पायांना आणि तक्रार तुझ्या फोनबद्दल.

गेल्या रविवारी चारदा लावला. तीनदा वाजून वाजून थांबला. चौथ्यांदा तू उचललास आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणालीस, "हॅलो, लाइन खराब आहे, पत्र लिही." आणि ठेवलास. दीड वर्ष हेच चाललंय. आपलं शेवटचं धड बोलणं म्हणजे माझं ठरलेलं लग्न मोडल्याचं मी तुला सांगितलं आणि तू म्हणालीस, "बरं झालं गं." त्यानंतर तू मला फोनवर मिळालेलीच नाहीस. पत्रं तू छान लिहितेस, पण आई गेल्यावर नवव्या वर्षापासून मी ज्या आवाजावर वाढले तो मला हवाय, आणि कागदावर तो नसतो. दुसऱ्यांच्या कचेऱ्या एकमेकींना जोडून देणं हा माझा धंदा, आणि मला माझ्याच मावशीचा फोन लागत नाही, हे चार लोकांत सांगायचीही सोय नाही.

आता बातमी. आजवर मी दुसऱ्यांनी आखलेली जाळी कागदावर नीट उतरवून द्यायचे. कुठे तार, कुठे फोन, कुठून कुठे संदेश जाणार, ते ठरवणारे वेगळे असायचे. आता पहिल्यांदाच एक गिऱ्हाईक पूर्ण माझ्याकडे दिलंय. 'साइट' लिहिलं तर तू लाल शाईनं गोल करून पत्र परत पाठवशील, म्हणून मराठीत लिहिते: एक स्थळ आलंय. तीन इमारती आहेत, शिवाय गावाबाहेर दोन शाखा. मालकीणबाई स्वतः बोलणी करणार आहेत. सुट्टी बघून पाहायला जाणार आहे. साहेब म्हणाले, "पसंत पडलीस तर पुढची दहा वर्षं तुलाच सांभाळायचंय."

आणखीही एक म्हणाले ते, आणि ते मला जरा लागलं. "यंत्रांचं तुला सगळं कळतं. माणसांना विचारायचं कसं ते कळत नाही. ते आलं नाही तर नकाशा सुंदर होईल आणि गिऱ्हाईक मुकं राहील." तू जहाज कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर एकतीस वर्षं बसलीस. मला सांग, काय विचारायचं असतं? फोनवर सांगितलंस तर जास्त बरं.

तुझी,
भिंगरी


१३ जून

भिंगरे,

आशीर्वाद आहेतच, त्यांच्यावर वेगळी शाई घालवत नाही.

तुझ्या पत्राचं दुसरं पान वाऱ्यानं उडालं ते थेट शेजारच्या शिंपीणबाईच्या मशीनवर. तिनं वाचलं, स्थळ आलंय, तीन इमारती, पसंत पडलीस तर. धावत आली. "मुलीचं पुन्हा जमतंय आणि मला पत्ता नाही," म्हणून रुसली. तिनं मनातल्या मनात कापडही बेतलं होतं. मग पहिलं पान दाखवावं लागलं. तिचा विरस झाला, आणि खोटं कशाला बोलू, थोडा माझाही झाला. यापुढे साइट लिहीत जा, लाल शाई मी आवरीन.

फोनचं म्हणशील तर इथे टेकडी आडवी येते. सगळ्यांचीच ओरड आहे. पत्रात काय वाईट आहे? पत्र परत वाचता येतं.

विचारायचं कसं, ते सांगते. मी बोर्डावर बसले तेव्हा मला वाटायचं, कुठली दोरी कुठल्या भोकात खुपसायची एवढं आलं की झालं. ते चार दिवसांत येतं. कंपनीच्या भिंतीवर मोठा तक्ता होता, कोण कोणाच्या वर आणि कोण कोणाच्या खाली. त्या तक्त्याप्रमाणे कुणी कधी फोन केल्याचं मला आठवत नाही. मोठे साहेब म्हणायचे, जहाज विभाग द्या, पण त्यांच्या आवाजात घाई असली की मी गोदामाच्या म्हाताऱ्याला जोडून द्यायची, कारण उत्तर त्याच्याकडे असायचं. साहेबांनी एकदाही हूं की चूं केलं नाही.

तेव्हा दिवसाला फोन किती, हे विचारत बसू नकोस. लोक तोंडाला येईल तो आकडा सांगतात. असं विचार: कोणाचा फोन आला की तुम्ही हातातलं टाकून धावता? आणि कोणाचा आला की घरी नाही म्हणून सांगता? विचारून झालं की गप्प बस. माणूस बोलून थांबतो, मग परत सुरू होतो. तो दुसऱ्यांदा सुरू होतो तेव्हा कान दे.

हल्ली दुपारी जेवून डोळा लागला की माझा बोर्ड उजळतो. एकेक दिवा लागतो आणि त्याच्यामागे एकेक आवाज. बोलण्याआधी लांब श्वास घेणारा नकाशेवाला. दर गुरुवारी जहाजाची चौकशी करणारी कुण्या कप्तानाची बायको, उत्तर यायच्या आधीच हसणारी. यातलं एकही तोंड मी पाहिलेलं नाही. आता ते सगळे माझ्याकडेच राहायला आलेत. बाहेर जितकं निवांत होत जातंय तितके ते स्पष्ट बोलतात. मी दोऱ्या जोडत जाते, आणि जाग येते तेव्हा उन्हं भिंतीवरून खाली आलेली असतात.

जेवणाच्या वेळा पाळ.

तुझी मावशी


२६ जून

मावशी,

स्थळ पाहून आले. सवलत दिलीस खरी, पण आता मलाच हा शब्द आवडायला लागलाय.

ती एक लाँड्री आहे. कोपऱ्यावरची नव्हे, कारखान्याएवढी. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे येतात. पहिल्या इमारतीत निवडायच्या, दुसरीत धुवायच्या, तिसरीत इस्त्री करून पाठवायच्या. छताला रूळ बसवलेत, त्यांच्यावरून चादरी टांगून एका इमारतीतून दुसरीत सरकवतात. मालकीणबाई काटकुळ्या आणि फटकळ आहेत. म्हणाल्या, "इथे कुणाचं कुणाला कळत नाही. मी वरून फोन करते, खाली कुणी धड बोलत नाही. धुलाईचा मुकादम तर माझा फोन तोंडावर ठेवतो. सव्वीस वर्षांचा जुना माणूस, म्हणून गप्प बसले. आता मात्र त्याला नोटीस लिहून ठेवलीय."

कामात अडथळा नको म्हणून मी सुट्टीच्या दिवशी गेले. मावशी, काय सांगू. एवढ्या मोठ्या शांततेत मी कधी फिरले नव्हते. यंत्रं थंड, फरशी कोरडी, वरच्या काचांतून येणारं ऊन आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढऱ्या चादरींच्या थप्प्या. सिग्नल मोजायचं यंत्र हातात धरून मी त्यांच्यामधून चालत होते. माझ्या पावलांचाही आवाज कापसानं शोषून घेतल्यासारखा नाहीसा होत होता. एखाद्या स्वप्नात आपल्याला सगळं येत असतं ना, पोहता येतं, उडता येतं, तसं वाटत होतं. प्रत्येक कोपऱ्यात सिग्नल भरपूर. तारांची भानगडच नको, सगळं हवेतून जाईल असा नकाशा मी तिथल्या तिथे काढला. धुलाईच्या हॉलात गोंगाट असतो म्हणे, तिथे सगळ्यात मोठ्या घंटेचे फोन लावायचे. मालकीणबाई खूश आहेत. पुढच्या महिन्यात चाचणी.

तुझा प्रश्न तेवढा विचारायचा राहिला. सुट्टी होती, विचारणार कुणाला?

आता तुझं. तुझ्या घराचाही नकाशा मी आठवून काढला. मागे टेकडी, स्वयंपाकघराची जाड भिंत, आणि तू फोन ठेवतेस तो नेमका त्या भिंतीच्या पोटाशी. दोष तिथे आहे. सोबत एक खोकं पाठवतेय. ते रेंज ओढून आणतं. खिडकीत ठेव, हिरवा दिवा लागला की झालं. आता टेकडीची सबब चालणार नाही.

भिंगरी


७ जुलै

भिंगरे,

खोकं मिळालं. शिंपीणबाईनं खिडकीत ठेवलं आणि हिरवा दिवा लागला. फोनवर पूर्वी एक काडी दिसायची, आता पाच दिसतात. शिंपीणबाईची बहीण परगावी असते, तर ती आता माझ्या खिडकीखाली उभी राहून तिच्याशी बोलते. म्हणजे पैसे वाया गेले असं समजू नकोस.

तू रविवारी लावला होतास म्हणे. मी मागे बागेत होते. नंतरचा उचलला तेव्हा नुसती घरघर येत होती. तुझं यंत्र रेंज ओढतं तशी घरघरही ओढत असावं. एवढं मनाला लावून घेऊ नकोस. तू तुझ्या कामाकडे बघ.

कामाचं एक विचारते, रागावू नकोस. सुट्टीच्या दिवशी गेलीस, मग तू लाँड्री पाहिलीस की भिंती पाहिल्यास? आमच्या बोर्डाच्या खोलीत रविवारी कुणी आलं असतं तर म्हणालं असतं, किती प्रशस्त, किती शांत, इथे दोन बायका पुष्कळ झाल्या. सोमवारी सकाळी दहाला सहा जणी घामाघूम असायच्या. परत एकदा जा आणि नुसती उभी राहा. काही मोजू नकोस.

काल दुपारी तू बोर्डावर आलीस. म्हणजे तुझा दिवा लागला. मी जोडून घेतलं आणि तू बोलायला लागलीस, पुष्कळ बोलत होतीस. मला तुझे ओठ दिसत होते, जे बोर्डावर कधीच दिसत नाहीत, आणि मी आपली म्हणतेय, जरा मोठ्यानं बाळा, जरा मोठ्यानं. जाग आली तर शिंपीणबाई समोर उभी. दार वाजवून वाजवून शेवटी मागच्या बाजूनं आली होती.

बाकी सगळं ठीक.

मावशी


२४ जुलै

मावशी,

तू म्हणालीस तेच झालं. माझं नाक कापलं गेलं.

चाचणी भर कामाच्या दिवशी होती. हॉलात पाऊल टाकलं आणि मला वाटलं, मी चुकून दुसरीकडेच आले. सगळीकडे वाफ. वरून ओल्या चादरींच्या रांगा सरकतायत, एक गेली की दुसरी, आणि त्यांच्यामागे माणसं दिसतायत न दिसतायत. आणि हवेतून जाणारं माझं एकही बोलणं पलीकडे पोचेना. पाणी रेडिओच्या लहरी पिऊन टाकतं, हे मी पहिल्या वर्षी शिकलेय, परीक्षेत लिहिलंय. पण मी कोरड्या चादरी मोजल्या होत्या. कोरड्या, घडी घातलेल्या, सुट्टीच्या दिवशीच्या. लाँड्रीत जाऊन पाणी विसरणारी बाई जगात मी एकटीच असेन. मालकीणबाई माझ्या हातातल्या नकाशाकडे बघत राहिल्या. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर चाललं असतं.

साहेबांनी आठ दिवस दिले. मग मी तुझं ऐकलं. मोजायचं यंत्र पिशवीत घातलं आणि हॉलात नुसती उभी राहिले.

मुकादमाच्या खांबावर एक जुना तारेचा फोन आहे, मालकीणबाईंच्या खोलीतून सरळ आलेला. तो वाजला. कुणी वळून पाहिलं नाही. परत वाजला. मुकादमाच्या शेजारच्यानं बोट दाखवलं तेव्हा त्यांनी उचलला, कानाला लावला, क्षणभर डोळे बारीक केले, आणि म्हणाले, "लाइन खराब आहे, चिठ्ठी पाठवा." आणि ठेवला.

मी दोन दिवस ती तार तपासली. खालून वर, वरून खाली. सांधा न् सांधा उघडला. लाइन काचेसारखी स्वच्छ होती. तिसऱ्या दिवशी इस्त्रीच्या बाई माझ्याजवळ आल्या, माझा हात धरून मला जिन्याखाली घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "ताई, तार कशाला उकरताय? तार बरी आहे. त्यांचे कान गेलेत. त्या हॉलात पंधरा वर्षं काढली की सगळ्यांचेच जातात. सांगायचं कुणी? सांगितलं की घरी बसवतील. म्हणून म्हणतात, लाइन खराब आहे."

मावशी, मी तिथेच पायरीवर बसले. त्या बाईंना वाटलं मला चक्कर आली.

पंधरा वर्षांच्या शिक्षणात आणि नोकरीत मी एकच शिकले, दोष लाइनमध्ये शोधायचा. तुझ्यासाठी मी टेकडी शोधली, भिंत शोधली, खोकं पाठवलं, पाच काड्या आणल्या. तुला काय झालंय हे एकदाही विचारलं नाही. आता विचारते. तुझी लाइन खराब नाहीये ना?

भिंगरी


३० ऑगस्ट

मावशी,

महिना उलटून गेला, तुझं अक्षर नाही. शिंपीणबाईंच्या फोनवर विचारलं. म्हणाल्या, "बऱ्या आहेत, जेवतात, पत्र समोर ठेवून बसतात." मग मी निघणार होते. पिशवी भरली आणि परत रिकामी केली. तुला आवडणार नाही असं आत कुठेतरी वाटलं.

तू उत्तर देत नाहीस तोवर मी माझं लिहिते. मुकादमांना मी सरळ जाऊन विचारलं नाही. कागदावर तुझा प्रश्न लिहून त्यांच्यापुढे धरला, कोण बोलावतं तेव्हा तुम्ही हातातलं टाकून धावता? त्यांनी वाचलं. मग वाफ धरलेल्या काचेवर बोटानं काढायला लागले. इथे मी, इथे इस्त्री, इथे मोठा बंब. बंबापासून स्वतःपर्यंत एक जाड रेघ ओढली. इस्त्रीकडून दोन. मालकीणबाईंकडून एक बारीकशी, ती काढताना हसले. मी कागदावर उतरवून घेईपर्यंत रेघा ओघळून खाली जायच्या आणि ते परत काढायचे. अख्खा कारखाना त्या काचेवर उमटत होता आणि विरघळत होता. दुपारपर्यंत आम्ही दोघं तिथे होतो, एक शब्द न बोलता. एवढं निवांत मला कुठल्याच मीटिंगमध्ये वाटलेलं नाही.

नवा नकाशा त्यावरून केला. हवेतलं सगळं काढलं. नळ्यांतून तारा नेल्या. हॉलात घंटा एकही नाही. प्रत्येक यंत्रावर एक दिवा, आणि मुकादमांच्या खांबावर मोठ्या अक्षरांची पाटी. वरून मालकीणबाई टाइप करतात, खाली अक्षरं उमटतात. त्यांना सगळं सांगावं लागलंच. मुकादमांना आणि इस्त्रीच्या बाईंना आधी विचारून सांगितलं. मालकीणबाईंनी खणातून ती नोटीस काढली. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, तो मला मोजत नाही." त्यांनी नोटीस फाडली. काम मला मिळालं.

पण ज्याच्यासाठी हे सगळं कळायला हवं होतं, ते तुझंमाझं बोलणं अजून अडलंय. मी तुला न्यायला येणार नाही. तुझ्याशी ओरडून बोलणार नाही. कुणाला सांगणार नाही. एवढं वाच आणि काहीतरी लिही, शिव्या दिल्यास तरी चालेल.

भिंगरी


१० सप्टेंबर

भिंगरे,

शिव्या द्यायला तू काही केलं नाहीस. केलं ते मी.

दोन वर्षं होत आली. आधी पक्षी गेले. मला वाटलं, यंदा आले नसतील. मग कुकरची शिट्टी गेली. मग बारीक आवाजाची माणसं गेली, आणि तुझा आवाज लहानपणापासून सुईसारखा, तो पहिल्या तडाख्यात गेला. शिंपीणबाईचा नवरा भसाड्या, तो पुढे वर्षभर नीट ऐकू येत होता. ज्याचा आवाज ऐकायची हौस नाही तोच मागे राहावा, काय म्हणायचं याला.

डॉक्टरकडे जाऊन आले. कानात घालायचं यंत्रही घेऊन बघितलं. त्यातून भांड्यांचा खणखणाट येतो, शब्द येत नाहीत.

तुला का सांगितलं नाही, ते आता लिहिते. ही माझी पाचवी प्रत, चार फाडल्या. एकतीस वर्षं मी कानावर जगले. कंपनीत म्हणायचे, हिला नुसत्या श्वासावरून माणूस कळतो. तेच माझ्याजवळ होतं. ते गेलं हे लिहिलं की मी कोण उरते, ते मला कळत नव्हतं. आणि लोक कसे बोलायला लागतात, ते तुला माहीत नाही. मोठ्यानं, हळूहळू, मान हलवत, तोंडावर गोड हसू. पोस्टमन माझ्याशी असा बोलतो की जणू मी अडीच वर्षांची आहे. तूही तशीच बोलशील याची मला धास्ती वाटत होती.

पण खरं कारण हे नाही. खरं कारण तो फोन.

तू त्या दिवशी पुष्कळ बोललीस. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण तू थांबलीस तेव्हा काहीतरी म्हणायला हवं होतं. तुझ्या बढतीचं त्या सुमाराला चाललं होतं. मला वाटलं, झाली. मी म्हटलं, "बरं झालं गं." तू गप्प झालीस. मग काहीतरी बोललीस आणि ठेवलास. आठ दिवसांनी पत्रातून कळलं की तुझं लग्न मोडलं होतं आणि ते सांगायला तू फोन केला होतास. तुझी आई असती तर तिनं रडू दिलं असतं. मी बरं झालं म्हटलं. त्या दिवसापासून मला त्या फोनची भीती वाटते. तो वाजला म्हणून कुणी सांगितलं की मनात येतं, आता ही काय सांगेल आणि मी काय म्हणेन.

मला माफ कर. हे दीड वर्ष लिहायचं होतं.

मावशी


२१ सप्टेंबर

मावशी,

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात वाचलं. एकदा वाचलं, दोनदा वाचलं, मग मला हसू आलं आणि मग रडू, आणि वरून उतरणाऱ्या साहेबांनी मुकाट्यानं दुसरा जिना धरला.

तुला एक सांगायलाच हवं. त्या दिवशी फोनवर मी बोलून थांबले आणि तू म्हणालीस, "बरं झालं गं." मी गप्प झाले, कारण मला धक्का बसला. सगळे मला समजावत होते, अजून एकदा बोलून बघ, एवढं जुळलेलं होतं, पडतं घे. तू एकटी म्हणालीस, बरं झालं. मला वाटलं, मावशीला पहिल्यापासून तो माणूस कळला होता, माझ्याखातर गप्प होती. ते तीन शब्द मी वर्षभर उशाशी घेऊन झोपले. कुणी कीव करायला आलं की मनात म्हणायचे, माझी मावशी म्हणालीय, बरं झालं. आणि तू बढतीला म्हणाली होतीस.

तू माफी मागू नकोस. मागायचीच तर शिंपीणबाईच्या नवऱ्याची माग.

आता कामाचं. गिऱ्हाईकाशी बोलताना मी पहिल्यांदा विचारते, तुमच्याकडे काय शाबूत आहे? तुझा आवाज शाबूत आहे आणि तुझे डोळे शाबूत आहेत. माझे कान शाबूत आहेत आणि माझी बोटं. मग आपण दोन्हीकडून आवाज कशाला पाठवतोय? तुझ्याकडून आवाज येईल. माझ्याकडून अक्षरं जातील. सोबत एक मोठ्या पडद्याचा फोन पाठवतेय. पाटीएवढी अक्षरं येतात त्याच्यावर. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चारला तू हिरवं बटण दाब आणि बोल, मी इथे ऐकून टाइप करीन. कळलं नाही असं होणारच नाही, कारण समोर लिहिलेलं असेल. आणि टाइप करताना कुणाला ओरडता येत नाही.

यायचं की नाही ते तू ठरव. मी चारला बसलेली असेन.

भिंगरी


६ ऑक्टोबर

भिंगरे,

तू तिकडे होतीस, म्हणजे काय झालं ते तुला माहीत आहे. पण इकडून कसं होतं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

पावणेचारलाच बसले. नवी साडी नेसले, कशाला ते विचारू नकोस. शिंपीणबाई म्हणाली मी थांबते, तिला म्हटलं थांब पण बोलू नकोस, म्हणून ती दाराशी स्टुलावर, तोंडावर पदर घेऊन. ऊन आत आलं होतं. सगळं इतकं गप्प होतं की मी जागी आहे की बोर्डापुढे आहे, ते मला नीट कळत नव्हतं. माझ्यासाठी हल्ली दोन्ही सारखंच असतं.

चारला बटण दाबलं. म्हटलं, "भिंगरे, मी बोलतेय." माझं मलाही ऐकू आलं नाही, नुसतं गळ्यात थरथरल्यासारखं कळलं. पडदा पांढराच. म्हटलं, "आहेस का?" पडदा पांढराच. मला वाटलं, माझ्या तोंडून आवाजच निघाला नसेल. शिंपीणबाईकडे पाहिलं तर तिनं मान डोलावली, येतोय येतोय. मग मी आपली बोलत सुटले, पाऊस कसा झाला, मागच्या दारचा जिना कसा निखळला, पोस्टमन, खोकं, काय वाटेल ते. पाच मिनिटं गेली असतील, एक अक्षर नाही. एकतीस वर्षांत मी कधी बोलणाऱ्याची वाट एवढी पाहिली नव्हती. मला एवढंच वाटत होतं की ही आता उठून जाईल, म्हणेल, नको हे.

मग अक्षरं आली. एकेक, चुकत, मागं जाऊन पुसत. "मावशी तुझा आवाज म्हातारा झालाय."

मी वाचलं आणि परत वाचलं. दोन वर्षं सगळे माझ्याशी गोड बोलतायत. किती छान दिसता, कळतं की तुम्हाला सगळं, काही बिघडलेलं नाही. खरं असं कुणी बोललंच नव्हतं. आवाज म्हातारा झालाय हे मला माहीत नव्हतं, कुठून असणार? माझ्या डोक्यात तो अजून बोर्डावरचाच होता.

मी विचारलं, "किती म्हातारा?"

तू लिहिलंस, "बराच. पण पहिल्या शब्दाला ओळखला. रडत होते म्हणून टाइप होत नव्हतं."

"मग आता नीट ऐकून ठेव," मी म्हटलं, "मला तो ऐकू येत नाही." आणि बोलत राहिले.

मावशी